मोळी, कंबर आणि लघुप्रबंध : किनेसिऑलॉजीच्या पदव्युत्तर संशोधनाचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण मराठवाड्यातील एका शारीरिक शिक्षण महाविद्यालयात एम.पी.एड. या शारीरिक शिक्षणाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या विद्यार्थिनीच्या लघुप्रबंधाचे आहे. विद्यार्थिनी, महाविद्यालय, साखर कारखाना आणि ऊसतोड टोळ्या यांची ओळख पटेल असे तपशील गाळले किंवा बदलले आहेत. विभागाच्या संशोधन समितीचा सदस्य या नात्याने मी हे काम आराखड्यापासून तोंडी परीक्षेपर्यंत जवळून पाहिले. तिचा मार्गदर्शक मात्र मी नव्हतो.

विद्यार्थिनी बीड जिल्ह्यातील बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातली. आईवडील दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन निघायचे ते पाडव्याच्या आगेमागे गावी परतायचे. तेवढे महिने ती आजीजवळ आणि पुढे शाळेच्या हंगामी वसतिगृहात राहिली. खो-खोमुळे तालुक्याच्या गावी महाविद्यालयात प्रवेश मिळाला, बी.ए.नंतर बी.पी.एड. ही शारीरिक शिक्षणाची पदवी झाली, आणि त्याच काळात तिने किनेसिऑलॉजी म्हणजे मानवी हालचालींचा शास्त्रीय अभ्यास या विषयात पदव्युत्तर शिक्षण घेण्याचे ठरवले.

हा निर्णय दिसतो तितका सरळ नव्हता. या नावाची पदवी तिने पाहिली होती ती कॅनडातील विद्यापीठांच्या माहितीपत्रकांत. तिकडे संशोधनप्रधान आणि व्यवसायप्रधान असे दोन्ही प्रकारचे अभ्यासक्रम आहेत आणि ओंटारिओ प्रांतात तर 2013 पासून किनेसिऑलॉजिस्ट हा कायद्याने नोंदणीकृत आरोग्य व्यवसाय आहे. आपल्याकडे हाच विषय वेगवेगळ्या पदव्यांमध्ये विभागून शिकवला जातो. फिजिओथेरपीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात तो खोलात येतो, परंतु त्यासाठी आधी फिजिओथेरपीचीच पदवी लागते, म्हणजे तो रस्ता तिला बंद होता. राहिले एम.पी.एड.: राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या नियमांनुसार दोन वर्षांचे, चार सत्रांचे, बी.पी.एड.ला किमान 50 टक्के गुण असणाऱ्यांना खुले. त्यात क्रीडा जैवयांत्रिकी व किनेसिऑलॉजी ही एक प्रश्नपत्रिका, आणि शेवटच्या सत्रात ऐच्छिक लघुप्रबंध. परदेशी शिक्षणासाठी जमीन गहाण ठेवण्याची चर्चा घरात झाली होती. ती वडिलांनी नव्हे, तिनेच थांबवली. तेव्हा या विषयात जे काही खोल काम करायचे ते लघुप्रबंधातूनच करता येणार होते.

विभागाकडे साधने किती होती, हेही इथेच सांगितले पाहिजे. सांध्यांचे कोन मोजण्याचे गोनिओमीटर, मुठीची ताकद मोजणारा डायनॅमोमीटर, लवचिकतेची पेटी, वजनकाटा, स्टॉपवॉच आणि मोजपट्ट्या. पायाखालचे बल मोजणारी फोर्स प्लेट नाही, स्नायूंतील विद्युत हालचाल टिपणारे ईएमजी यंत्र नाही, त्रिमितीय चित्रण तर दूरची गोष्ट. मराठवाड्यातील बहुतेक शारीरिक शिक्षण महाविद्यालयांत यापेक्षा वेगळे चित्र असेल असे मला वाटत नाही.

प्रश्न

तिसऱ्या सत्रात तिने समितीपुढे विषय मांडला तो असा: ऊसतोड कामगार मोळी जमिनीवरून उचलून डोक्यावर घेतात आणि फळीवरून चढून वाहनात टाकतात, त्या हालचालीचे किनेसिऑलॉजीच्या दृष्टीने विश्लेषण. तिची मांडणी आटोपशीर होती. प्रश्न उभे राहिले ते समितीच्या बाजूने, आणि त्यातले काही पूर्णपणे रास्त होते.

पहिला आक्षेप असा की हा शारीरिक शिक्षणाचा विषयच नाही. हा आक्षेप फार काळ टिकला नाही. ज्या पाठ्यपुस्तकांत भारोत्तोलनाचे विश्लेषण असते त्यांतच ओझे उचलण्याचेही असते, आणि सांध्याभोवतीचे आघूर्ण, म्हणजे बलाचा फिरवणारा परिणाम, मोजण्याची रीत दोन्हींकडे एकच आहे. दुसरा आक्षेप साधनांचा होता: जे मोजता येत नाही त्याचे विश्लेषण कसे करणार? तिसरा वेळेचा होता आणि मला तोच सर्वांत गंभीर वाटला. गळीत हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबर ते मार्च-एप्रिल असा चालतो. आराखडा मंजूर होईपर्यंत गावे रिकामी झालेली असणार, आणि लघुप्रबंध बांधून देण्याची तारीख टोळ्या परतण्याच्या सुमाराला येणार. कामगार गावी असतात तेव्हा मोळी नसते आणि मोळी असते तेव्हा कामगार दोनशे-तीनशे किलोमीटर दूर असतात.

चौथी अडचण कोणी उघड बोलले नाही, परंतु सर्वांच्या मनात होती. 2019 मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यभर गाजला, सरकारने समिती नेमली, पाहण्या झाल्या. तेव्हापासून वही घेऊन येणाऱ्या आणि शरीराविषयी विचारणाऱ्या माणसाकडे टोळीतल्या बायका सावधपणे पाहतात. टोळी जमवणारे मुकादमही पाहतात, त्यांची कारणे वेगळी असतात.

विचारात घेतलेले पर्याय

मार्गदर्शकांनी सुचवलेला पर्याय नेहमीचा होता: कबड्डी खेळाडूंचे दोन गट, एका गटाला काही आठवडे प्लायोमेट्रिक, म्हणजे उड्यांचा, सराव, आधी आणि नंतर उभ्या उडीची चाचणी, शेवटी सरासरींतला फरक तपासणारी टी-चाचणी. अशा प्रबंधांनी आमच्या ग्रंथालयाचे एक कपाट भरले आहे. त्याला नावे ठेवणे सोपे आहे, परंतु नियंत्रित प्रयोग म्हणजे काय, हे विद्यार्थी त्यातूनच शिकतात. शिवाय नमुना मैदानावरच असतो आणि तारीख चुकत नाही. ज्या मुलीला दोन वर्षांत पदवी घेऊन प्राध्यापकपदासाठीच्या सेट या पात्रता परीक्षेला बसायचे आहे तिच्यासाठी हा पर्याय वाईट नव्हता. मार्गदर्शकांचा हेतू तिला अडवण्याचा नव्हता, तिला वेळेत पार करण्याचा होता.

दुसरा पर्याय एखाद्या सुसज्ज प्रयोगशाळेत जाऊन काम करण्याचा. ग्वाल्हेरच्या लक्ष्मीबाई राष्ट्रीय शारीरिक शिक्षण संस्थेचे नाव निघाले. प्रयोगशाळा मिळाली असती असे धरून चालले, तरी तिथे ऊसतोड कामगार न्यायचे कसे हा प्रश्न होता. विद्यार्थ्यांच्या हाती मोळी देऊन घेतलेले माप विद्यार्थ्यांचे झाले असते. वीस-पंचवीस हंगाम मोळी उचललेल्या माणसाचे गुडघे, कंबर आणि मान जशी वागतात तशी नवख्याची वागत नाहीत.

तिसरा पर्याय टोळ्या निघण्यापूर्वी गावातच मोळी बांधून उचलण्याची हालचाल चित्रित करण्याचा, आणि चौथा पर्याय हंगामात थेट उसाच्या फडावर जाण्याचा. तिसऱ्यात मोजमाप स्वच्छ मिळते आणि वास्तव हरवते: घाई नाही, चिखल नाही, दिवसभराचा थकवा नाही. चौथ्यात नेमके उलटे होते. समितीत यावर बराच खल झाला. शेवटी विद्यार्थिनीनेच तिसरा आणि चौथा एकत्र करण्याची कल्पना मांडली: आधी गावात मोजमापाची पद्धतच तपासून पाहायची, ती टिकली तर फडावर न्यायची, नाही टिकली तर फडावर काय मोजायचे ते नव्याने ठरवायचे. माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत चांगला निर्णय हाच होता, कारण त्यात माघार घेण्याची जागा आधीच ठेवलेली होती. मार्गदर्शकांनी एक अट घातली, की गावातले काम दसऱ्यापूर्वी पुरे झाले नाही तर कबड्डीचा विषय घ्यायचा. तिने ती मान्य केली.

गावातील चाचणी

बेण्याच्या प्लॉटमधून ऊस आणून वाढ्याने, म्हणजे उसाच्या शेंड्याच्या पानांनी, मोळ्या बांधल्या. मोळी हुकाच्या काट्याला टांगून वजन घेतले. घोटा, गुडघा, खुबा, खांदा आणि कोपर या ठिकाणी रंगीत चिकटपट्टीचे ठिपके लावायचे, मोबाईल तिपाईवर ठेवून बाजूने चित्रण करायचे, चौकटीत एक मीटरची पट्टी उभी ठेवायची आणि किनोव्हिया या मोफत संगणकप्रणालीत कोन काढायचे, अशी योजना होती. द्विमितीय पद्धतीची मर्यादा तिला ठाऊक होती: हालचाल कॅमेऱ्याला काटकोनात असेल तरच कोन खरा येतो. माणूस मोळी डोक्यावर घेताना अंग पिळतो तिथे हा कोन चुकतो.

अडचण आली ती दुसऱ्याच ठिकाणी. टोळीतल्या बायका साडीवर पुरुषी सदरा घालतात. पाचटाने आणि उसाच्या पात्याने अंग कापते म्हणून. सदरा खुब्याच्या खाली येतो, निऱ्या पुढून वर खोचलेल्या असतात, आणि खुब्याच्या हाडावरचा ठिपका कापडावर लावावा लागतो. बाई वाकली की कापड सरकते आणि ठिपका हाडापासून चार-पाच बोटे दूर जातो. पुरुषांच्या बाबतीतही सैल विजारीमुळे हे होते, पण कमी. तिने तीच चित्रफीत आठवड्याच्या अंतराने पुन्हा मोजली. गुडघ्याचे कोन बऱ्यापैकी जुळले; खुब्याचे कोन बायकांच्या बाबतीत इतके इकडेतिकडे गेले, की त्यावर काही लिहिणे अप्रामाणिक ठरले असते.

इथे समितीपुढे एक सोपी पळवाट आली होती: फक्त पुरुषांचा अभ्यास करायचा. शीर्षकात ‘पुरुष कामगार’ एवढे दोन शब्द घातले की मोजमाप सुटसुटीत झाले असते. विद्यार्थिनीने याला ठाम नकार दिला आणि तिचे कारण संशोधनाच्याच चौकटीतले होते. कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. तोडणी दोघे करतात, पण पाचट काढणे, मोळी बांधणे आणि ती वाहून नेणे यातला मोठा वाटा बायकांकडे असतो. ज्या हालचालीचा अभ्यास करायचा ती करणाऱ्यांतला अर्धा भाग मोजायला अवघड म्हणून वगळला, तर निष्कर्ष कामाविषयी राहत नाही, कपड्यांविषयी होतो. हे वाक्य तिने समितीत जसेच्या तसे उच्चारले आणि त्यानंतर कोणी तो मुद्दा पुन्हा काढला नाही.

म्हणून अचूक कोन सोडून रेबा ही संपूर्ण शरीराच्या स्थितीचे झटपट मूल्यमापन करणारी निरीक्षणपद्धती घेण्यात आली. सन 2000 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पद्धतीत धड, मान, पाय आणि हात यांच्या स्थितीला ठरावीक टप्प्यांनुसार गुण देतात. धड 20 अंशांपर्यंत वाकले, 20 ते 60 मध्ये आहे की 60 च्या पुढे गेले, एवढे पाहायचे असते. खुब्यावरचा ठिपका चार बोटे सरकल्याने त्यात फारसा फरक पडत नाही. त्याला वजनाचे, पकडीचे आणि वारंवारतेचे गुण जोडून अंतिम अंक 1 ते 15 मध्ये येतो. एका वर्गमैत्रिणीने त्याच चित्रफितींना स्वतंत्रपणे गुण दिले आणि दोघींची सहमती कोहेनच्या कॅपा गुणांकाने तपासली. गुण बऱ्यापैकी जुळल्यावर फडाचा रस्ता मोकळा झाला. दसऱ्याला थोडेच दिवस उरले होते.

फडावर

कोणत्या टोळीकडे जायचे हा पुढचा निर्णय होता. मावशी आणि मामा ज्या टोळीत होते ती पश्चिम महाराष्ट्रात गेली होती. तिथे विश्वास आयता मिळाला असता, परंतु प्रवास लांबचा होता आणि नात्यातली माणसे ‘पोरीच्या कामाला’ म्हणून नीटनेटकी मोळी उचलून दाखवतील अशीही शक्यता होती. मराठवाड्यातल्याच एका कारखान्याच्या हद्दीतील टोळ्या निवडल्या गेल्या. बैलगाडीऐवजी ट्रॅक्टर-ट्रॉली किंवा ट्रक भरणाऱ्या, म्हणजे मोळी डोक्यावरून वाहणाऱ्या, ज्यांना तिकडे डोकी सेंटर म्हणतात.

परवानगी मुकादमाने फोनवर दिली: “या की, काढा फोटो, माणसं आपलीच हायेत.” मार्गदर्शकांनी ही परवानगी पुरेशी मानली नाही. ज्याने उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, दिली आहे त्याने होकार दिल्यावर उचल घेतलेला माणूस नाही म्हणेल का, हा त्यांचा प्रश्न होता. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांत असुरक्षित गटांसाठी जास्तीची काळजी सांगितली आहे. सहभागी निरक्षर असेल तर संशोधनाशी संबंध नसलेल्या साक्षीदारासमोर संमती वाचून दाखवून अंगठा घ्यावा, असेही त्यात आहे. आमच्या महाविद्यालयाला स्वतःची नैतिकता समिती नाही. दुसऱ्या संस्थेच्या समितीशी करार करून काम चालवता येते; तसा प्रस्ताव जवळच्या एका संस्थेकडे पाठवण्यात आला आणि उत्तर यायला बराच वेळ गेला. दरम्यान फडावरचे काम थांबवून ठेवले होते. हंगाम त्यासाठी थांबत नाही.

मंजुरी आल्यावर संमती कामगारांच्या झोपडीवर, म्हणजे कोपीवर, संध्याकाळी चुली पेटल्यावर, मुकादम नसताना घेण्यात आली. साक्षीदार म्हणून जवळच्या वस्तीवरची अंगणवाडी सेविका आली. काहींनी नकार दिला. एका बाईने होकार दिला आणि सकाळी नवऱ्याने नको म्हटल्यावर नाव काढून घेतले. चेहरे झाकून चित्रण होईल हे सांगूनही दोघा तरुणांना ते पटले नाही. ज्यांनी नकार दिला ती माणसे चित्रणाच्या चौकटीत येणार नाहीत, याची दक्षता घेणे हे मोजमापाइतकेच कष्टाचे काम ठरले.

प्रत्यक्ष चित्रणात दोन गोष्टी योजनेपेक्षा वेगळ्या निघाल्या. वाहन कधी येईल ते कारखान्याच्या यार्डातल्या रांगेवर ठरते, त्यामुळे भरणी पुष्कळदा रात्री होते. ट्रॅक्टरच्या दिव्यात मोबाईलचे चित्रण अस्पष्ट येत होते आणि फळीच्या बाजूला उभे राहण्यापुरती जागाही नसे. फळीजवळ उभी राहिली तेव्हा एका वयस्क बाईंनी तिला दटावले, “पोरी, मोळी वर जाईस्तोवर मधी बोलू नको, अन् फळीखाली तर उभीच राहू नको. पाय घसरला की मोळी खाली येती.” रात्रीचे चित्रण त्यानंतर सोडून देण्यात आले. रात्री तिच्यासोबत थोरला भाऊ असे, तरी ते योग्य नव्हते असे मला आजही वाटते. दिवसा भरलेल्या वाहनांचाच नमुना घेतला गेला आणि ही मर्यादा प्रबंधात स्पष्ट नोंदवली गेली.

दुसरी गोष्ट अधिक उपयोगाची होती. मोळी उचलण्याची रीत एकच नाही. काही जण एकट्याने मोळी आधी गुडघ्यावर, मग खांद्यावर आणि मग डोक्यावर घेतात. काही जोडपी एकमेकांना उचलू लागतात. दोघांनी दोन टोके धरली की वाकण्याची वेळ अर्ध्यावर येते. काही बायका मोळीचे एक टोक बांधावर किंवा आधीच्या मोळ्यांच्या ढिगावर टेकवून ठेवतात, म्हणजे ती पुढे कमरेच्या उंचीवरूनच उचलता येते. हे कोणत्याही पुस्तकात वाचून आलेले नव्हते. आराखड्यात नसलेला ‘उचलण्याची सुरुवात कोठून आणि कोणासोबत’ हा रकाना तिने निरीक्षणपत्रिकेत त्याच दिवशी वाढवला.

आकड्यांचा मोह

विश्लेषण करताना सर्वांत मोठा वाद झाला तो एका समीकरणावरून. अमेरिकेतील व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेचे, म्हणजे नायॉशचे, 1991 चे सुधारित समीकरण आदर्श स्थितीत 23 किलो ही शिफारस केलेली मर्यादा धरते आणि स्थिती बिघडेल तशी ती कमी करत नेते. ओझे घोट्यांपासून 25 सेंटीमीटरवर असेल तर क्षैतिज अंतराचा गुणक 1, आणि 40 सेंटीमीटरवर असेल तर 0.625. हात जमिनीपासून 20 सेंटीमीटरवर असतील तर उंचीचा गुणक 0.835. एवढे दोनच गुणक घेतले तरी 23 किलोची मर्यादा 12 किलोवर येते. मोळी 30 किलोची धरली तर ती अडीच पट झाली. आकडा लक्षवेधी होता, आणि तो मुख्य निष्कर्ष म्हणून यावा असे मार्गदर्शकांना वाटत होते.

समितीने, आणि त्यात मीही होतो, याला विरोध केला. हे समीकरण दोन्ही हातांनी, बऱ्यापैकी घट्ट जमिनीवर, एका माणसाने उचललेल्या स्थिर ओझ्यासाठी आहे. दोघांनी मिळून उचललेले, निसटत्या जमिनीवरचे, लवलवणारे ओझे त्याच्या कक्षेबाहेर आहे. उसाची मोळी यातल्या प्रत्येक अटीला धक्का देते. शेवटी तो आकडा चर्चेच्या प्रकरणात, अटींसह, उदाहरण म्हणून ठेवला गेला.

त्याऐवजी विद्यार्थिनीने एक साधे स्थिर गणित मांडले, आणि ते मला अधिक प्रामाणिक वाटते कारण त्यातले प्रत्येक गृहीतक उघड दिसते. समजा, मोळी 30 किलोची आहे आणि कमरेच्या शेवटच्या मणक्यापासून तिचे क्षैतिज अंतर 40 सेंटीमीटर आहे. आघूर्ण सुमारे 118 न्यूटन-मीटर. धड, डोके आणि हात यांचे वजन 30 किलो व त्यांचे अंतर 20 सेंटीमीटर धरले तर आणखी 59. पाठीचे स्नायू मणक्याच्या मध्यापासून अवघ्या 5 सेंटीमीटरवरून ओढतात, म्हणून हे पेलायला त्यांना सुमारे 3,500 न्यूटन बल लावावे लागते आणि तेवढे मणक्यावर दाबले जाते. शरीराचे व मोळीचे स्वतःचे वजन वेगळेच. नायॉशने 1981 मध्ये सावधगिरीची पातळी म्हणून 3,400 न्यूटन धरले होते. मोळी 25 सेंटीमीटरवर आणता आली तर हेच बल 2,650 च्या आसपास उतरते. अडचण अशी की मोळी जाड आणि लांब असते. वाकलेल्या माणसाच्या गुडघ्यांमध्ये ती येतच नाही. ‘ओझे अंगाजवळ धरा’ हा पाठ्यपुस्तकी सल्ला इथे शरीराच्या नव्हे, मोळीच्या आकारामुळे अडतो. बांधावर टेकवून उचलणाऱ्या बायकांनी अंतर नव्हे तर वाकणे कमी करून तोच परिणाम साधला होता.

निष्पत्ती

रेबाचे गुण बहुतेक सर्व उचलींसाठी 8 ते 10 किंवा 11 ते 15 च्या, म्हणजे वरच्या दोन गटांत गेले. वरवर पाहता हा ठोस निष्कर्ष होता. बहिःस्थ परीक्षकांनी त्याची नस नेमकी पकडली. रेबामध्ये ओझे 10 किलोच्या पुढे गेले की गुण वाढत नाहीत. 12 किलोची मोळी आणि 40 किलोची मोळी त्या तक्त्यात सारखीच. सगळेच वरच्या गटात असतील तर ही पद्धत माणसामाणसांत किंवा रीतीरीतींत फरक दाखवण्यासाठी वापरलीच कशी, असा त्यांचा प्रश्न होता. विद्यार्थिनीने तो मुद्दा मान्य केला आणि फडावर वाढवलेल्या रकान्याकडे लक्ष वेधले: टेकवून किंवा दोघांनी उचलताना धडाचे गुण 60 अंशांच्या खालच्या टप्प्यात येत होते, एकट्याने जमिनीवरून उचलताना नाही. अंतिम अंकात दडलेला फरक घटकांच्या गुणांत दिसत होता. परीक्षकांनी निष्कर्षाचे प्रकरण त्यानुसार नव्याने लिहायला सांगितले.

लघुप्रबंध मंजूर झाला. कबड्डीचे विषय घेतलेल्या दोन वर्गमित्रांना तिच्यापेक्षा जास्त गुण मिळाले, कारण त्यांच्या कामात प्रश्न विचारण्यासारखे कमी होते. ती सध्या एका कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवते आणि शारीरिक शिक्षण विषयात सेटची तयारी करते. टोळ्या गावी परतल्यावर तिने उचलण्याच्या रीतींची रेखाचित्रे एका पारावर दाखवली. लोकांनी ती पाहिली, हसून एकमेकांना ओळखले, आणि मग विचारले की मोळी लहान बांधली तर खेपा वाढतात, त्याचे काय. मजुरी टनावर असते. मोळीचे वजन कमी करण्याची किंमत कोण देणार, याचे उत्तर किनेसिऑलॉजीत नाही आणि तिने ते असल्याचा आवही आणला नाही.

वेगळे काय करता आले असते

रेबाची वरची मर्यादा गावातल्या चाचणीतच लक्षात यायला हवी होती. पद्धतीची पुनरावृत्तिक्षमता तपासली गेली, पण ती फरक ओळखू शकते का हे तपासले गेले नाही. त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि पदव्युत्तर पातळीवर दुसरी बहुधा राहून जाते. रेबासोबत बोर्गची श्रममापन श्रेणी वापरली असती, म्हणजे प्रत्येक उचलीनंतर कामगाराने स्वतः किती कष्ट पडले ते अंकात सांगितले असते, तर कोणत्याही यंत्राशिवाय रीतींची तुलना अधिक चांगली झाली असती. हाताच्या मनगटावरचे हृदयगती मोजणारे घड्याळ उसने मिळण्यासारखे होते. घामाने आणि कोयत्याच्या झटक्यांनी त्याचे माप किती बिघडते ते मात्र आधी पाहावे लागले असते.

संमतीच्या बाबतीत मार्गदर्शकांचा आग्रह योग्यच होता, परंतु दुसऱ्या संस्थेच्या समितीकडे जाण्याची प्रक्रिया तिसऱ्या सत्रात नव्हे, पहिल्या वर्षीच सुरू व्हायला हवी होती. फडावरचे काम त्यामुळे हंगामाच्या उत्तरार्धात ढकलले गेले, जेव्हा ऊस वाळत जातो, मोळ्या हलक्या होतात आणि माणसे सर्वांत जास्त थकलेली असतात. डिसेंबरमधले माप आणि मार्चमधले माप एकच नसते. नमुन्यात फक्त दिवसाची भरणी आली हीसुद्धा त्रुटी आहे, पण तिच्यावर मला उपाय दिसत नाही; विद्यार्थिनीला रात्री फळीशेजारी उभे करून मिळवलेली माहिती विभागाने मागू नये.

विभागाने त्यानंतर एक नियम बदलला आहे. हंगामाशी बांधलेल्या विषयाचा आराखडा आता दुसऱ्या सत्राच्या अखेरीस समितीपुढे यावा लागतो. नैतिकता समितीच्या कायमस्वरूपी कराराचा मसुदा संस्थाचालकांकडे सहीसाठी पडून आहे. यंदा एका विद्यार्थ्याने कापूस वेचणीतील मनगट आणि मानेच्या हालचालींचा विषय घेतला आहे. वेचणी दिवाळीच्या आधीच सुरू होते, म्हणून त्याची पहिली चित्रफीत जुन्या पऱ्हाट्यांवर, जून महिन्यातच काढून झाली.